खत

सकाळी साडेसहाला मी माणसं मोजते.
अकरा.
मेतकुर्बान गाडीखाली उताणा पडून काहीतरी ठोकतोय,
त्याला धरून बारा.
पाणी माणशी तीन बाटल्या, टोपी, गळ्याला फडकं,
आणि एक सूचना, जी कोणी ऐकत नाही:
वाळू शांत दिसली तरी तिच्याकडे पाठ करून बसू नका.

तकलामाकानच्या कडेकडेनं रस्ता जातो,
म्हणजे वारा जाऊ देईल तिथवर.
डाव्या हाताला तोग्राकची झाडं.
जिवंत कोणती, मेलेली कोणती, विचारू नका,
त्यांचंही अजून ठरलेलं नाही.
हे वाक्य मी नऊ वर्षं म्हणते आहे.
लोक हसतात, तेवढ्यात चढण येते.

बावीस नंबरची गुहा.
कुलूप दोनदा फिरवायचं, मग खांद्यानं धक्का.
आत सहा मिनिटं, जास्त नाही.
तुमच्या श्वासात ओल असते
आणि या भिंतींना ओलीची सवय नाही.
विजेरी आधी जमिनीवर,
मग हळूहळू वर,
झोपलेल्या पोराचं पांघरूण सारावं तशी.

आधी पावलं दिसतात. अनवाणी.
मग निळा रंग,
डोंगरापलीकडून गाढवांच्या पाठीवर आलेला दगड
कोणीतरी दिवसचे दिवस वाटत बसलं होतं.
मग हात, काही सांगता सांगता थबकलेला.
आणि वर, चेहऱ्याच्या जागी,
चौकोन.
पट्टी लावून कापल्यासारखा सरळ.
कुठंय हा? कोणीतरी विचारतंच.
लांबच्या एका शहरात, काचेमागे.
मी पाहिलेला नाही.

खाली, कमरेइतक्या उंचीवर,
भिंत खरवडलेली आहे. कुदळीचे घाव, आडवेतिडवे.
तिकडे मी विजेरी नेत नाही.

ते आमचं काम.

जुन्या मातीत जोर असतो, आजोबा म्हणत.
बर्फ वितळलं की गाढवगाडी घेऊन इथं यायचे,
भिंत खणायचे, फोडायचे, चाळायचे,
खरबुजाच्या वाफ्यात पसरायचे.
चाळणीत कधी कान राहायचा, कधी कमळाची पाकळी.
आजी अंगठ्यानं चुरायची, बिस्मिल्ला म्हणून.
राग नव्हता कशावर.
पाट दोन सालं आटला होता
आणि त्या वर्षी आई पोटात होती.

आज कुरोसे-सान मागे राहिले.
अंगातला कोट त्यांनी या उन्हातही काढला नव्हता.
सहाची आठ मिनिटं झाली, तरी ते वाकून
त्या घावांपाशी तळहात धरून उभे,
न टेकवता, शेगडीपाशी धरतात तसा.
बाहेर आल्यावर विचारलं, हे कोणी केलं?
वाऱ्यानं, मी म्हटलं.
त्यांनी मान हलवली.
वारा कुदळ धरत नाही हे त्यांनाही कळत असणार.

जेवण आमच्याच अंगणात असतं, द्राक्षाच्या मांडवाखाली.
नान, मटण, शेवटी खरबूज.
सुरी लावली की फळ आपणच तडकतं,
तो आवाज मला अजून आवडतो.
कुरोसे-सान फोड दोन्ही हातांनी उचलतात.
इतकं गोड कसं?
माती, मी म्हणते.
इथं नेहमी थांबते मी. पुढं करेझ, ऊन, थंड रात्री, असं सांगते.
आज थांबले नाही.
का, ते मला विचारू नका.
भिंत, गाढवगाडी, चाळणीतला कान,
सगळं सांगितलं, फडक्याला हात पुसत पुसत.

त्यांचं चावणं थांबलं.
मांडवात एक गांधीलमाशी घोंगावत होती.
मग त्यांनी गिळलं,
आणि ताटाकडे हात नेऊन
दुसरी फोड घेतली.

चारला मेतकुर्बान हॉर्न वाजवतो.
मी माणसं मोजते.
दहा.
पुन्हा मोजते.
वळून पाहते तर म्हातारा
वेलींच्या मधोमध उभा, टोपी काढून,
पायातले बूटही.

टोपी, मी ओरडते,
टोपी घाला, ऊन लागेल!